मोठा बेडूक : शून्य

मी फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी एकोणतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि त्या एकोणतीस वर्षांत माझ्या तासाला पेन खाली पडलं तर पोरं ते तास संपेपर्यंत उचलत नसत. बेडूक तर मला आतून पाठ. हृदय कुठं, पित्ताशय कुठं, मांडीतली नस कुठून कशी जाते, डोळे मिटून सांगेन. दरवर्षी जुलै-ऑगस्टात आमचे लॅब अटेंडंट मायाप्पा पोत्यातून बेडूक घेऊन यायचे. क्लोरोफॉर्मच्या बरणीत टाकायचे, ट्रेमध्ये उताणे मांडायचे. पुढचं काम माझं.

मग नियम आला आणि कापणं बंद झालं. त्यालाही आता बारा वर्षं होतील. पुढं मी आणि मायाप्पा एकाच वर्षी रिटायर झालो. मायाप्पा बेडूक आणायचे कुठून, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. मीठ कुठून येतं हे आपण विचारतो का?

या फेब्रुवारीत श्रीदेवी घरी आली. माझी जुनी विद्यार्थिनी, आता मंद्रूपच्या अलीकडच्या एका गावची सरपंच. हुशार पोर, पण प्रॅक्टिकलला बेडूक बघितला की वर्गाबाहेर पळायची. म्हणाली, "मॅडम, गावतळ्यातला गाळ काढायचाय. पाडव्याला नारळ फोडायचा. पण गावातली काही मंडळी म्हणतात, तळ्यातले जीव मरतील, मोठे पिवळे बेडूक मरतील. मला काही कळत नाही त्यातलं. तुम्ही येऊन बघा आणि लिहून द्या. तुमचा शब्द म्हणजे संपला विषय."

कुणी असं म्हटलं की मी फुगते. माझा नवरा म्हणायचा, हिला पुरणपोळी नको, शाबासकी वाढा. मी लगेच हो म्हटलं.

मायाप्पांना बरोबर न्यावं असं मनात आलं होतं. पण ते कुर्डुवाडीला लेकीच्या बाळंतपणासाठी गेलेले. जावई तिथं रेल्वेच्या वर्कशॉपात आहे. म्हटलं, त्यांचं काय अडलंय, बेडूक ओळखायला मी समर्थ आहे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी चार सकाळी त्या तळ्यावर बसले. फोल्डिंगची खुर्ची, छत्री, दुर्बीण, वही, पाण्याची बाटली. आणि खोटं कशाला बोलू, मला फार आवडलं ते. तळं आटत आलं होतं. बांधाच्या कडेला एका शेताएवढं पाणी उरलेलं, बाकीचा तळ उघडा पडलेला. पाण्याच्या जवळ ओला, लांब जावं तसा भेगाळलेला. कडुलिंबाला मोहोर आलेला आणि वेड्या बाभळीच्या सावलीत टिटवी माझ्यावर खेकसत होती. पाण्यावर लहान बेडूक होते, नुसते डोळे वर काढून बसलेले. बगळा जवळ आला की ते बुडी मारायच्या ऐवजी पाण्याच्या वरूनच टणाटण उड्या मारत पलीकडं जायचे. एकोणतीस वर्षं बेडूक शिकवले आणि हे मी पहिल्यांदा बघत होते. दुसऱ्या दिवशी एकटीच मोठ्यानं हसले त्यांना. दगडांखाली चार भेक, म्हणजे टोड, सापडले, खरखरीत पाठीचे, माझ्यासारखेच रागीट चेहऱ्याचे.

सगळं वहीत लिहिलं. लहान बेडूक : एकसष्ट. भेक : चार. मोठा बेडूक : शून्य.

मोठा पिवळा बेडूक मी ओळखणार नाही असं होणारच नाही. तोच तर माझ्या ट्रेमध्ये असायचा. चार दिवसांत एकही दिसला नाही, एकदाही आवाज आला नाही. मी पत्र लिहून दिलं. 'तळ्यात मोठा बेडूक आढळत नाही. उरलेल्या पाण्याला हात न लावता गाळ काढण्यास हरकत नाही.' खाली सही आणि 'निवृत्त विभागप्रमुख, प्राणिशास्त्र' असा शिक्का. श्रीदेवीनं ते ग्रामसभेत वाचून दाखवलं आणि पंचायतीच्या फलकावर लावलं. त्याचा फोटो मला पाठवला. मी तो आणखी अकरा जणांना पाठवला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मायाप्पा परत आले आणि नातीचे पेढे घेऊन घरी आले. मी चहा टाकला आणि पत्राची प्रत त्यांच्यापुढं ठेवली. कौतुकाची वाट बघत होते, दुसरं काय!

मायाप्पा सावकाश वाचतात. वाचताना ओठ हलतात त्यांचे. वाचून झाल्यावर त्यांनी कागद पालथा घातला आणि मागं काही लिहिलंय का बघितलं.

"मॅडम, तुमी ह्ये मार्चात बगितलं?"

"मग कधी बघणार? चार दिवस उन्हात बसले."

"मोठा बेडूक न्हाय म्हणून लिवलंय."

"दिसला नाही. आवाज नाही. मी काय मनचं लिहिते का?"

"दिसंल कसा? झोपलाय की त्यो. हातभर खाली, मातीत. पाऊस पडल्याबिगर वर येत न्हाय." त्यांनी कपबशी बाजूला सारली. "मॅडम, मी तुमाला बेडूक जुलैतच का आणून देत हुतो? मार्चात का न्हाय दिलं कधी?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण जीभ? ती आधी चालली. "मला शिकवता, मायाप्पा? ग्रीष्मनिद्रा मी शिकवलीय. दोन मार्कांचा प्रश्न असायचा."

"व्हय की. मी कुटं न्हाय म्हणतो?" मग हळू आवाजात म्हणाले, "ह्याच तळ्यातनं आणायचो मी. वर्साला शंभर, कदी सव्वाशे. शेवटी शेवटी तर चाळीस गावायची मुश्किल झाली हुती. बंद पडल्याव बारा वर्सांत आता कुटं भरलंय तळं. गेल्या पावसात गेलतो मुद्दाम ऐकायला. कान बसत हुतं, येवढी कप्पे वरडत हुती." घरची कानडी आहे त्यांची. मन भरून आलं की बेडकाला ते कप्पे म्हणतात.

मी हिशेब करत बसले नाही, तो आपोआप झाला. दोन हजारांच्या वर मी कापले होते. आणि जे उरले, वाढले, त्यांना मी एका सहीनं पोकलेनखाली घातलं होतं. लाज वाटली. ज्या माणसाला मी तीन दशकं 'मायाप्पा, ट्रे धुवा' एवढंच बोलले, त्याला एकदा फोन केला असता तर? कुर्डुवाडी काय परदेशात आहे?

मी श्रीदेवीला फोन लावला. ती म्हणाली, "मॅडम, पोकलेन टेंभुर्णीहून येऊन उभा आहे. मशीन चारच दिवस आपल्याकडं आहे. तीस ट्रॅक्टरांचे नंबर लागलेत. ज्यांनी शंका काढली होती त्यांना मी तुमचं पत्र दाखवून गप्प केलंय. आता मी कुठल्या तोंडानं बोलू?"

"सांग की मॅडम चुकल्या."

"ते तुम्हीच येऊन सांगा. माझ्यानं नाही व्हायचं." आणि तिनं फोन ठेवला. तिचं तरी काय चुकलं?

पाडव्याला पहाटे गुढी न उभारताच आम्ही निघालो. आयुष्यात पहिल्यांदा. साडेसहाच्या एसटीत मायाप्पा शेजारी बसले होते, मांडीवर कुदळ आडवी धरून. कंडक्टर म्हणाला, काय काका, सणाचं खणायला निघाला? मायाप्पा म्हणाले, "म्याडमचा कागद खणायचाय." मी बघितलं त्यांच्याकडं. त्या अवस्थेतही मला हसू आलं. पंच्याण्णव सालापासून मला चिडवायची हिंमत या एकाच माणसात आहे.

तळ्यावर अर्धा गाव जमला होता. घराघरांवर गुढ्या दिसत होत्या. पोकलेनला हळदकुंकू लावलेलं, त्याच्या दातांना आंब्याची डहाळी बांधलेली. बांधावर ट्रॅक्टरांची रांग. पहिला ट्रॅक्टर चनबसप्पांचा. त्यांची आठ एकर मुरमाड, गाळ पडला तर ज्वारी होईल म्हणून ते दोन वर्षं या दिवसाची वाट बघत होते, हे मला श्रीदेवीनंच सांगितलेलं. नारळ त्यांच्याच हातात होता.

श्रीदेवीनं सगळ्यांना थांबायला सांगितलं आणि माझ्याकडं बोट केलं. नजर मात्र दिली नाही.

मी सुरुवात केली. "त्याचं असं आहे, की निरीक्षणाचा कालावधी मर्यादित असल्यामुळे सदर पत्रातील निष्कर्ष काही अंशी अपुरे…"

लोक माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मागून एक बाई दुसरीला विचारत होती, काय म्हणत्यात त्या. मायाप्पा शेजारी कुदळीवर हात ठेवून खाली बघत उभे होते. मला माझाच आवाज ऐकू आला आणि किळस आली. वहीत तोंड लपवणाऱ्या पोरांना मी आयुष्यभर झोडपलं आणि आता मी काय करत होते?

"चुकले मी," मी म्हणाले. "मोठा बेडूक या तळ्यात आहे. तो आत्ता मातीखाली झोपलेला असतो. मी वर बघितलं, खाली बघायचं मला सुचलं नाही. मला माहीत असायला हवं होतं. नव्हतं."

चनबसप्पा नारळ हातात तसाच धरून पुढं आले. आवाज चढवला नाही त्यांनी. "बाई, परवा कागदानं न्हाय म्हणलं, आज तोंडानं हाय म्हणताय. आमी कशाला खरं धरावं?"

"कशालाच धरू नका. मायाप्पा दाखवतील."

मायाप्पा पाण्याच्या कडेनं चालत गेले. चालताना टाचेनं जमीन दाबून बघत होते. बाभळीची सावली पडते तिथं थांबले आणि खणायला लागले. हातभर खणलं. काही नाही. चार पावलं पुढं जाऊन पुन्हा खणलं. काही नाही. मागं हसू फुटलं, कुणीतरी म्हणालं, उंदीर तरी काढा की. माझा जीव टांगणीला लागला. मायाप्पांच्या मानेवरून घामाची धार वाहत होती. त्यांनी कुदळ टाकली, गुडघे टेकले आणि तिसऱ्या खड्ड्यात हातानं माती उकरली. चिखलाचा एक गोळा बाहेर काढला आणि माझ्या ओंजळीत दिला.

बेडूकच होता. माझ्या तळव्यापेक्षा मोठा. गार, ढिला. डोळे मिटलेले, पाय पोटाशी घेतलेले, घशाची हालचाल नाही. हे वजन माझ्या हातांना ओळखीचं होतं. बरणीतून काढलेला बेडूक असाच लागायचा.

"मेलाय," मी म्हणाले. सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात.

"थांबा की, मॅडम! काय घाई हाय तुमाला!" मायाप्पा एकदम ओरडले. माझ्यावर! तीस वर्षांत पहिल्यांदा. मग बाटलीतलं पाणी त्यांनी थेंब थेंब त्याच्या पाठीवर सोडलं. आम्ही वाट बघितली. किती वेळ गेला सांगता येणार नाही, पण तेवढ्यात कुणी हसलं नाही. मग त्याचा घसा हलला. एकदा. थोड्या वेळानं पुन्हा. एक डोळा अर्धा उघडला, पिवळी कड दिसली, आणि पुन्हा मिटला.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. आलं तर आलं. एवढ्या बेडकांना हात लावला होता मी, पण एकाचाही जिवंतपणा असा ओंजळीत कळला नव्हता.

श्रीदेवी जवळ आली होती. कॉलेजात पळून जाणारी ती, आता वाकून बघत होती. चनबसप्पांनीही मान पुढं काढली. म्हणाले, "ह्येचं वरडणं मी ल्हानपणापास्नं ऐकतोय. पण ह्यो उन्हाळ्यात कुटं जातो, कदी मनात बी आलं न्हाय बगा." मग सरळ झाले. "पर मशीन माघारी धाडणार न्हाय आमी. आमच्या बी पोटाचा प्रश्न हाय."

"धाडू नका," मायाप्पा म्हणाले. "त्ये लांबचं भेगाळलेलं हाय, तितं काय न्हाय. तितलं न्या. ही वली कड सोडा."

"किती सोडायची? बाई, तुमीच सांगा."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सवयीनं तोंड उघडलं होतं मी. मिटलं. "मायाप्पा सांगतील," म्हणाले.

शाळेतून फक्कीची पिशवी आणली. मायाप्पा पुढं पांढरी रेघ ओढत चालले आणि पिशवी धरून मी त्यांच्या मागं. तो बेडूक आम्ही त्याच्या खड्ड्यात ठेवून वरून माती लोटली होती. रेघ पुरी झाली, नारळ फुटला, पोकलेन सुरू झाला. चनबसप्पांची पहिली ट्रॉली भरली, दुसरी भरली. भेगाळलेली काळी ढेकळं नुसती, जीव कशातच नाही. मला वाटलं, सुटलो.

चौथ्या ट्रॉलीला मशीन रेघेजवळ आलं. बकेट वर उठलं आणि त्यातून ओला गाळ पडताना मायाप्पांनी हात वर केला. ड्रायव्हरनं मशीन थांबवलं. आम्ही जाऊन बघितलं. गाळात दोन बेडूक धड होते. तिसऱ्याचे दोन तुकडे झालेले. रेघेच्या बाहेर, जिथं काही नाही म्हणून मायाप्पांनी सांगितलं होतं तिथं.

मायाप्पा खाली बसले. "मला वाटलं हितं न्हायत," म्हणाले. पुन्हा तेच म्हणाले. बांधावरून कुणीतरी बोललंच, आता ह्यांचं बी चुकलं.

आदल्या दिवशी मला जी लाज वाटली होती, ती आता या माणसाच्या चेहऱ्यावर होती. मी त्यांच्याजवळ बसले. गुडघे दुखतात माझे, पण बसले. "मायाप्पा, रेघ किती मागं घ्यायची?"

"म्हाईत न्हाय, मॅडम."

"बरं," मी म्हणाले. "मग बघत बघत जाऊ."

मी चप्पल काढली, पदर खोचला, आणि पोकलेनच्या पुढ्यातल्या त्या ओल्या मातीत हात घातला. मऊ होती, कोपरापर्यंत गेला. ड्रायव्हर वरून म्हणाला, "ओ मावशी, बाजूला व्हा, मला दिवसभर हेच का?" मी त्याला वर्गातली नजर दिली. त्यानं इंजिन बंद केलं. मायाप्पा दुसऱ्या बाजूनं लागले. ढेकूळ, मूळ, शिंपला, फुटक्या बाटलीची काच. बोट कापलं माझं. हात पुढं सरकवत राहिले. लोक काय म्हणत होते कुणास ठाऊक, मी ऐकलं नाही.

मग बोटांना काहीतरी लागलं. गार, गुळगुळीत, दबणारं. मी हात तसाच ठेवला, घाई केली नाही. वाट बघितली. बोटाखाली अगदी हळू काहीतरी उठलं आणि बसलं.

बाहेर काढला नाही मी त्याला. हात हलकेच मागं घेतला, माती होती तशी लोटली आणि वर मूठभर फक्की टाकली.

"गावला?" चनबसप्पांनी बांधावरून विचारलं.

"आहे."

त्यांनी त्या पांढऱ्या ठिपक्याकडं बघितलं. मग गाळ टाकून परत आलेल्या स्वतःच्या रिकाम्या ट्रॉलीकडं. मग ड्रायव्हरकडं वळून हात हलवला आणि ओरडले, "मागं घे रे मशीन. लई मागं घे."